नकाराचं विशेषण

अहवालाच्या तिसऱ्या पानावर तो शब्द आला आणि विजयमालाबाईंचा लाल पेन थांबला. तोपर्यंत त्या सवयीनं पुढे जात होत्या. कुठे इंग्रजीतला एखादा 'द' राहिला होता, कुठे एकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद लागलं होतं. बाई स्वतः ज्यात होत्या त्या कॉलेजच्या तक्रार समितीचे बाहेरचे सदस्य माणिकराव वकील यांनी हा अहवाल लिहिला होता. त्यांचं इंग्रजी कोर्टातलं, लांबलचक आणि जड, पण मोठ्या चुका नव्हत्या. 'फक्त भाषा बघून द्या, मॅडम. तुमच्यासारखं इंग्रजी आपल्याकडे कुणाचं आहे,' असं समितीच्या अध्यक्ष माधवी मॅडम म्हणाल्या होत्या, आणि बाईंना ते थोडं बरंही वाटलं होतं. आता त्या वाक्याकडे बघत बसल्या. तक्रारदार विद्यार्थिनीनं कोणताही 'व्हीअमंट' विरोध केल्याचं दिसून येत नाही. तिच्याच सांगण्यानुसार ती फक्त 'लेट इट बी' एवढंच म्हणाली. बाईंनी वाक्य पुन्हा वाचलं. त्यात चूक नव्हती. स्पेलिंग बरोबर होतं. विशेषण नामाच्या आधी, जिथं असायला हवं तिथं होतं. त्याहून योग्य शब्द त्यांनाही सुचला नसता. आणि तरी, भातात खडा लागल्यावर दातापासून कानापर्यंत जी एक कळ जाते तशी काहीतरी त्यांच्यातून गेली.

हा शब्द त्यांनीच वर्षानुवर्षं या कॉलेजात शिकवला होता. फळ्यावर लिहायचा, त्यातल्या 'एच'खाली रेघ ओढायची आणि सांगायचं, हा लिहायचा पण बोलायचा नाही. वेहेमंट नव्हे, व्हीअमंट. पोरं हसायची. 'मॅडम, आमी तर सगळेच ह गिळतो,' असं मागून कुणीतरी म्हणायचं, आणि खरंच, आमी-तुमी म्हणणाऱ्या त्या पोरांना हा एक शब्द पहिल्या झटक्यात जमायचा. मग अर्थ. जोरदार, आवेशाचा, तीव्र. कशाला लावतात? विरोधाला लावतात, नकाराला लावतात, भाषणाला, टीकेला. पुस्तकातली उदाहरणं त्यांना पाठ होती: पुढाऱ्यानं आवेशानं आरोप फेटाळले, वकिलानं जोरदार हरकत घेतली, खेळाडूनं पंचाच्या निर्णयाला तीव्र विरोध केला. सगळे पुरुष होते, हे इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. मोठ्या शब्दकोशात त्यांनी एकदा मूळही शोधलं होतं. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. 'वाहून नेणे' असं काहीसं असावं, असा एक तर्क होता. ज्याला आवेग वाहून नेतो तो. वर्गात सांगायला छान वाटायचं ते. ज्याला कुणी धरून ठेवलंय त्यानं वाहून कुठं जायचं, हा प्रश्न कुठल्या पोरानं विचारला नव्हता.

तक्रार करणाऱ्या भक्तीला त्यांनी आधी नीट पाहिलं नव्हतं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, मानवतकडच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची, इंग्रजीच्या तासाला खिडकीकडच्या बाकावर बसायची. तक्रार रसायनशास्त्राच्या अंगद सरांविरुद्ध होती. प्रयोगशाळेच्या मागच्या सामानाच्या खोलीत सरांनी तिला बाटल्या मोजायला बोलावलं, दार लोटलं आणि तिचा हात धरला. बाहेर शिपायाची बादली वाजली तेव्हा सोडला. समितीसमोर ती आईला घेऊन आली होती. आई, पार्वतीबाई, दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, आणि भक्ती टेबलापलीकडे उभी. बस म्हटलं तरी बसली नाही. माणिकराव वकील तसे मऊ माणूस. त्यांनी तिला पाणी दिलं, घाबरू नको म्हणाले, मग विचारलं, 'तू ओरडलीस का?'

'न्हाई.'

'हात झटकलास?'

'झटकला. म्हणजे, सुटत नव्हता.'

'मग काय म्हणालीस?'

'म्या म्हणलं, राहू द्या सर. मला गाडीला जायचंय.'

'एवढंच?'

'लय वेळा म्हणलं. राहू द्या, राहू द्या म्हणलं.'

वकिलांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. मराठी ऐकत होते आणि इंग्रजीत लिहीत होते. विजयमालाबाई शेजारीच होत्या. कागदावर 'लेट इट बी' उमटलं तेव्हा ते त्यांना दिसलंही होतं, पण तेव्हा त्या मुलीच्या हाताकडे बघत होत्या. ती डाव्या हातानं उजवं मनगट धरून उभी होती, सारखं चोळत.

संध्याकाळी अहवाल पिशवीत घालून त्या घरी आल्या. आदिनाथराव मोंढ्यातलं बी-बियाण्याचं दुकान बंद करून यायचे होते. बाईंनी कणीक भिजवायला घेतली आणि ती दोन शब्दांची गोष्ट कणकेबरोबर हाताला चिकटली. राहू द्या. दिवसभरात आपण किती वेळा म्हणतो हे. शेजारीण चहाचं भांडं कपावर तिरपं करते, आपण कपावर पंजा धरतो, राहू द्या. रिक्षावाला पिशवी उचलायला येतो, राहू द्या. नवरा आवाज चढवतो, समोर पाहुणे असतात, आपण हळूच म्हणतो, राहू द्या आता. परभणीत जन्मलेल्या कुणालाही कळतं की हे नको आहे, पुरे आहे, थांबा आहे. मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही म्हणून हे करून ठेवलेलं. पण मग त्यांना वाटलं, आपण खरंच प्रामाणिक आहोत का? कपावर हात धरला तरी शेजारीण बोटांच्या फटीतून चहा ओततेच. वाढणारा राहू द्या ऐकतो आणि वाढतो. त्याला न ऐकण्याची सवय आहे आणि आपल्याला ते माहीत आहे, तरी आपण तेच म्हणतो. मग ज्यानं ऐकलं नाही तो म्हणणारच की मला वाटलं ती लाजतेय. इथं त्यांचे हात थांबले. परातीत बोटं रुतलेली, आणि झरीच्या माहेरच्या घरातला चुलीचा धूर त्यांच्या डोळ्यांत आला.

एमए झालं होतं. औरंगाबादला एमफिलसाठी नंबर लागला होता, वसतिगृहाची खोलीसुद्धा बघून ठेवली होती. खोलीच्या खिडकीतून एक निलगिरीचं झाड दिसायचं. आणि त्याच आठवड्यात पाहुणे आले. बैठकीत सगळे बसलेले, आदिनाथही, पांढऱ्या शर्टात, घाम पुसत. वडील, किशनराव, स्वयंपाकघराच्या दारात आले. खूप खूश होते. 'मग, काय सांगू त्यांना?' विजयमालानं चहाच्या पातेल्याकडे बघत म्हटलं, 'राहू द्या ना, दादा, आत्ता.' दादा क्षणभर उभे राहिले. त्यांनी ऐकलं होतं, यात शंका नाही. मग ते हसले, बैठकीत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, 'पोरगी लाजायलीय.' बाहेर सगळे हसले. आई पोळी लाटत होती, तिनं मान वर केली नाही. लग्न ठरल्यावर, डोक्याला तेल लावताना, मागून, चेहरा न दाखवता ती म्हणाली, 'म्या बी तसंच म्हणले व्हते.' आणि वेणी घट्ट ओढली. संसार वाईट झाला नव्हता. आदिनाथराव सरळ माणूस, कधी हात उगारला नाही, नोकरी करू दिली. 'करू दिली' असंच त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. रागवायचं म्हटलं तर कुणावर? दादा तर बिचारे मरेपर्यंत सांगायचे की विजूच्या मर्जीनं सगळं केलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी ऐकलेल्या शब्दांचं भाषांतर तसंच केलं होतं.

जेवताना त्यांनी नवऱ्याला थोडंसं सांगितलं. आदिनाथरावांनी पोळी कालवणात मोडली. 'तुला भाषा बघायला सांगितली न? बघ अन् दे.'

'भाषेतच चूक आहे.'

'मग चूक काढून दे की. बाकीच्यात कशाला पडायलीस? अंगद सरांचे मेहुणे आपलं गिऱ्हाईक हायेत, तेवढं ध्यानात ठेव.' ते रागानं बोलले नाहीत. पाणी पिऊन हात धुवायला उठले. विजयमालाबाई ताटाकडे बघत राहिल्या. ओठांवर जे आलं होतं ते 'राहू द्या' हेच होतं, आणि ते त्यांनी गिळलं.

बैठक माधवी मॅडमच्या खोलीत होती. फेब्रुवारी अजून संपला नव्हता, तरी कूलर सुरू केलेला, त्याच्या वाळ्याचा ओला वास. माधवी मॅडम, माणिकराव वकील, कार्यालयाचे दत्तराव आणि त्या. सह्यांची जागा सोडलेलं शेवटचं पान सगळ्यात वर ठेवलेलं.

'भाषांतर चुकलंय,' विजयमालाबाई म्हणाल्या.

वकिलांनी चष्मा वर केला. 'कुठलं, मॅडम?'

'राहू द्या म्हणजे लेट इट बी नव्हे.'

'शब्दशः तर तेच होतं.'

'शब्दशः होतं. पण ती चालू दे म्हणत नव्हती. सोडा म्हणत होती. इंग्रजीत तिथं स्टॉप लिहावं लागेल.'

'सोडा म्हणायचं असतं तर सोडा म्हणाली असती ना.' वकील शांतपणे म्हणाले. 'मी कुणाच्या बाजूनं नाही, मॅडम. पण माणसाची नोकरी जाते यात. समोरच्याला स्पष्ट कळेल असा विरोध पाहिजे. म्हणून तर मी तो शब्द घातला. व्हीअमंट. तुम्हीच सांगा, तिचा विरोध व्हीअमंट होता का?'

विजयमालाबाईंनी समोरचा अहवाल तिसऱ्या पानावर उघडला. तो व्हीअमंट नव्हता. खरं उत्तर तेच होतं. कूलरमधलं पाणी आत कुठंतरी ठिबकत होतं. मग त्यांना आपलाच आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षाही खालच्या पट्टीतला. 'नव्हता. पण नकाराला विशेषण कशाला लागतं, वकीलसाहेब? हळू म्हटलेला नकार हा नकारच असतो. तुमच्या घरी कुणी राहू द्या म्हटलं, तर तुम्ही त्यांचा हात धरून ठेवाल का?'

दत्तराव खाली बघू लागले. माणिकरावांचा चेहरा तांबडा झाला. माधवी मॅडमनी टेबलावरची फाईल सरळ केली. 'विजयमालाबाई, एवढं तावातावानं बोलायचं कारण नाही.'

त्या चकित झाल्या. आपण तावातावानं बोललो? हात मांडीवर होते. आवाज इतका बारीक की कूलरच्या घरघरीत वकिलांना पुढं वाकून ऐकावं लागलं होतं. त्या पोरीकडून मागितलेलं विशेषण त्यांना मात्र न मागता, बसल्या जागी मिळालं होतं. त्यांना हसू आलं. त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःचं वेगळं मत एका पानावर लिहून दिलं. त्या इंग्रजी पानाच्या मध्यभागी त्यांनी 'राहू द्या' हे दोन शब्द देवनागरीतच ठेवले आणि पुढं लिहिलं की याचं भाषांतर करण्याआधी ते कुणी, कुणाला आणि कुठल्या खोलीत म्हटलं ते पाहावं. पान देऊन त्या बाहेर आल्या. वर्गात जाऊन त्यांनी खुर्चीवर बसूनच तास घेतला.

त्या पानानं काहीतरी झालं खरं. संस्थेनं अहवाल परत पाठवला, नव्यानं चौकशी लावली, तोवर अंगद सरांना प्रयोगशाळेपासून दूर ठेवलं. शिक्षकांच्या खोलीत बाई आल्या की गप्पा थांबायला लागल्या. ते त्यांनी गृहीतच धरलं होतं. जे धरलं नव्हतं ते वेगळंच. एका सकाळी भक्ती वर्गाबाहेर भेटली. दप्तर नव्हतं. ग्रंथालयाची पुस्तकं तेवढी हातात होती, परत करायला आणलेली.

'मॅडम, तुमी ते परत काढलं,' ती म्हणाली. 'मिटलं व्हतं. सगळे ईसरायले व्हते. आता नवी चौकशी म्हणल्यावर गावातबी कळलं. नाना म्हणायलेत, बस झालं शिक्षण.'

'तू काय म्हणालीस नानांना?'

भक्तीनं त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. एखाद्या लहान मुलानं न कळणारं काही विचारावं तसं पाहिलं. 'काय म्हणणार, मॅडम?' आणि ती पुस्तकं द्यायला गेली. विजयमालाबाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, ती येईल, काही बोलणार नाही, पण डोळ्यांत काहीतरी असेल. हे आपल्याला हवं होतं हे त्यांना आत्ता कळलं आणि अंगावरून पाल गेल्यासारखी शिसारी आली. आपण नेमकं काय केलं होतं? वकिलांनी तिचं वाक्य आपल्या भाषेत नेलं, आपणही नेलं. तिला कुणीच विचारलं नव्हतं. झरीच्या स्वयंपाकघरातलं जुनं बोलणं आपण तिच्या तोंडून बोलून घेतलं की काय? हा प्रश्न त्यांना दोन-तीन दिवस झोपू देईना. शेवटी, शनिवारी, सकाळचे तास आटोपून त्या कुणाला न सांगता बसस्टँडवर गेल्या आणि मानवतच्या गाडीत बसल्या.

फाट्यावर उतरून चालत गेल्या. कापूस निघून गेलेला, उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे घरांच्या भिंतींना लावलेले. भक्तीचे नाना, म्हणजे वडील बालाजी, अंगणात होते. किडकिडीत, शांत माणूस. त्यांनी बाज टाकली, पार्वतीबाईंनी चहा आणला. भक्ती आतच राहिली.

'तिला परीक्षेला बसू द्या,' विजयमालाबाई म्हणाल्या.

'बाई, तुमी चांगल्या हाव. तुमी केलं ते चांगल्यासाठीच केलं,' बालाजी म्हणाले. 'पण तुमी बोलून जाताल. ऱ्हायचं आमाला हाय. पाराव लोक माझ्या पोरीचं नाव घेऊन बोलायलेत. आमी तिला आता घरीच ठेवायलोत.'

'चूक तिची नाही.'

'ते का मला कळत न्हाई?' ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच फाटला. 'कळतंय. कळून काय करू?'

बालाजी उठले. 'गव्हाला पाणी सोडायचंय. तुमची गाडी यील आता थोड्या येळात,' म्हणाले आणि खांद्यावर फावडं टाकून शेताकडे गेले. हे जा म्हणणंच होतं. विजयमालाबाईंना ते पुरतं समजलं. आयुष्यभर अशी वाक्यं समजून घेऊन त्या वेळेवर उठत आल्या होत्या. पायात चप्पलही घातली. आणि उठल्या नाहीत. काही ठरवलं असं नाही, शरीरच जड झालं. त्यांनी चप्पल पुन्हा काढली आणि पाय बाजेवर घेतले. पार्वतीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. जरा वेळानं त्या आतून सुपात हरभरे घेऊन आल्या आणि शेजारी बसून निवडू लागल्या. विजयमालाबाईंनीही हात घातला. दोघींची बोटं दाण्यांतून फिरत राहिली.

'मालकाला सांगून आलाव का?' पार्वतीबाईंनी विचारलं.

'नाही.'

पार्वतीबाईंनी 'हं' केलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, 'त्या दिवशी तुमच्या टेबलापुढं पोरगी उभी व्हती, तवा मला वाटायलं, ही मोठ्यानं का बोलंना. मला राग यायला तिचा. घरी आल्यावर ध्यानात आलं, तिला मोठ्यानं बोलाया कुणी शिकीवलं?' त्यांनी एक किडका दाणा उचलून लांब फेकला. 'म्याच गप बस, गप बस म्हणलेली.'

फाट्याकडून गाडीचा हॉर्न आला, थांबला, दूर गेला. थोड्याच वेळात आदिनाथरावांचा फोन. 'कुठंयस?' त्यांनी सांगितलं. 'तिथं काय करायलीस? थांब, मी मोटारसायकल घेऊन येतो.'

'आज नको,' त्या म्हणाल्या. 'मी राहते इथं.' त्यांनी फोन ठेवला. हे वाक्य इतकं सोपं होतं. उद्या घरी त्याची किती चर्चा होईल, आणि त्या चर्चेत आपण पुन्हा कशा मऊ होऊ, हेही त्यांना दिसलं.

दिवस मावळायला बालाजी परत आले. पाय चिखलानं भरलेले. बाजेवर बाई तशाच बसलेल्या पाहून रांजणापाशी थबकले. 'तुमची गाडी गेली, बाई.'

'हो. आवाज आला.'

त्यांनी पायावर पाणी घेतलं. पुष्कळ वेळ घेतलं, चिखल निघून गेल्यावरही. पार्वतीबाई सूप मांडीवर घेऊन बसून होत्या. चुलीकडे गेल्या नाहीत, उठल्याही नाहीत. बालाजींनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग टॉवेलनं पाय पुसत, खाली बघूनच म्हणाले, 'परीक्षेपुरतं धाडतो. पुढचं पुढं बघू. पण उद्या काही झालं, त्या माणसानं काही केलं, कुणी काही बोललं, तर मी कालेजाला इचारणार न्हाई. तुमाला इचारीन.'

बघू, प्रयत्न करते, माझ्या हातात काय आहे. इतक्या वर्षांची सगळी वाक्यं विजयमालाबाईंच्या जिभेवर तयार होती. हातात खरंच काही नव्हतं. नोकरीतलं वजन नाही, संस्थेत ओळख नाही, घरी जाऊन काय बोलायचं तेही माहीत नाही.

'विचारा,' त्या म्हणाल्या.

आत दिवा लागला. भक्ती दारात येऊन उभी होती, चौकटीला टेकून. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, आभार नव्हते. ही बाई किती दिवस टिकेल, एवढंच ती बघत होती.